वरच्या मजल्याचा उकाडा आणि वाढते वीजबिल: आधी छत, मग खिडक्या, सोलर सर्वांत शेवटी

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका गृहस्थांनी प्रश्न विचारला आहे. त्यांचा बावीस वर्षांपूर्वी बांधलेला दुमजली बंगला आहे. खाली आई-वडील राहतात आणि वरच्या दोन खोल्यांत ते कुटुंबासह झोपतात. एप्रिल-मे महिन्यांत या खोल्या रात्री बारा-एकपर्यंत निवत नाहीत. जानेवारीत २१० युनिटांचे असणारे वीजबिल मे महिन्यात ५४० युनिटांवर जाते. एका ठेकेदाराने सर्व खिडक्या काढून दुहेरी काचेच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) खिडक्या बसवण्याचे आणि वरच्या खोल्यांना थर्माकोल घालून फॉल्स सीलिंग करण्याचे सुचवले आहे. नात्यातील एकांचे म्हणणे असे की, सरळ ३ किलोवॅटचे सोलर बसवावे, आणखी एक एसी घ्यावा आणि विषय संपवावा. हाताशी चार लाख रुपये आहेत. गच्चीवर जुना कोबा (विटांचे तुकडे घालून केलेला जाड थर) आहे आणि पावसाळ्यात जिन्याजवळच्या छताला ओल येते, हे त्यांनी जाता जाता शेवटी लिहिले आहे.

माझ्या दृष्टीने संपूर्ण प्रश्नात हे शेवटचे वाक्यच सर्वांत महत्त्वाचे आहे. गेली सव्वीस वर्षे मी सांगली-मिरज परिसरात जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो आणि त्या अनुभवावरून सांगतो की, गळणारे छत आणि तापणारे छत हे दोन वेगळे आजार नाहीत. आपण त्यांच्यावर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांकडून उपाय करून घेतो आणि दोनदा पैसे घालतो. आपल्या घरी दोन्ही कामे एकाच वेळी होण्यासारखी आहेत, म्हणून आपण नेमक्या योग्य वेळी विचारले आहे असे मला वाटते.

खरा प्रश्न कोणत्या खिडक्या घ्याव्यात किंवा किती किलोवॅटचे सोलर बसवावे हा नाही. उष्णता घरात कोणत्या वाटेने शिरते आणि तिला उंबऱ्याबाहेरच कसे थांबवता येईल, हा आहे. एकदा आत आलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी एसीला वीज लागते आणि ती वीज दर महिन्याला विकत घ्यावी लागते. बाहेरच अडवलेल्या उष्णतेचा खर्च मात्र एकदाच होतो.

प्रथम सूर्याचा मार्ग पाहू, कारण घराच्या कोणत्या बाजूवर पैसे घालायचे हे त्यावरूनच ठरते. सांगली साधारण १६.८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात भर दुपारचे ऊन भिंतींना जवळजवळ लागतच नाही, ते सगळे गच्चीवर पडते. दक्षिणेकडील भिंत, जिची लोक सर्वाधिक काळजी करतात, ती मे महिन्यात बरीचशी सावलीत असते. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ५० अंशांवर असतो, तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येते आणि ते हवेसेच असते. सकाळी पूर्वेची आणि संध्याकाळी पश्चिमेची भिंत तापते. या दोहोंत पश्चिम अधिक त्रासदायक, कारण तोपर्यंत हवाही तापलेली असते आणि त्या भिंतीत साठलेली उष्णता नेमकी झोपेच्या वेळी आत उतरते. म्हणून उन्हाळ्यापुरता क्रम स्पष्ट आहे: छत, मग पश्चिम, मग पूर्व. दक्षिणोत्तर खिडक्यांवर केलेला मोठा खर्च उन्हाळ्यात फारसा उपयोगी पडत नाही.

आता छतातून किती उष्णता येते याचा ढोबळ हिशेब करू. दुपारी गच्चीच्या दर चौरस मीटरवर साधारण ९०० ते ९५० वॅट ऊन पडते. पावसाने आणि शेवाळाने काळवंडलेला कोबा त्यातील बराचसा भाग शोषतो आणि त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास जातो. त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, हे आपण अनुभवले असेलच. पाच इंची आरसीसी स्लॅब उष्णतेला फारसा अटकाव करत नाही. दहा बाय बाराच्या एका खोलीच्या डोक्यावर सुमारे ११ चौरस मीटर स्लॅब असतो आणि ऐन भरात त्यातून हजार वॅटच्या आसपास उष्णता आत येऊ शकते. हजार वॅटची विजेची शेगडी छताला उलटी टांगली आहे अशी कल्पना करा. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालला तर सुमारे ५,२०० वॅट उष्णता बाहेर फेकतो, म्हणजे त्याच्या ताकदीचा जवळपास पाचवा भाग या शेगडीशी झुंजण्यातच जातो.

रात्री बारापर्यंत खोली का तापलेली राहते, याचेही उत्तर इथेच आहे. काँक्रीट उष्णता साठवते आणि चार-पाच तासांनी खाली सोडते. दुपारी एक-दोनला गच्चीवर पडलेल्या उन्हाचा कडाका संध्याकाळी सहा-सातला छताच्या खालच्या बाजूस पोहोचतो आणि पुढे कितीतरी वेळ टिकतो. बाहेरची हवा नऊ वाजता सुखद झालेली असते, पण छत अजून ३८-४० अंशांवर असते. आपल्या शरीराला हवेचे तापमान जाणवते तसेच भोवतालच्या भिंती-छताचेही जाणवते. हवा ३२ अंशांवर असली आणि छत व भिंती ३८ वर असल्या, तर अंगाला सुमारे ३५ अंशांसारखे वाटते. म्हणूनच पंखा जोरात फिरत असूनही डोक्यावरून आच येते, आणि एसी बंद केल्यावर अर्ध्या तासात पुन्हा घाम फुटतो.

आता खिडक्यांकडे येऊ, कारण आपल्याला दिलेल्या सल्ल्यात तोच सर्वांत मोठा खर्च आहे. समजा पश्चिमेला चार फूट बाय चार फुटांची खिडकी आहे, म्हणजे सुमारे दीड चौरस मीटर काच. बाहेर-आत आठ अंशांचा फरक असेल तर साध्या काचेतून नुसत्या तापमानाच्या फरकामुळे सुमारे ७० वॅट उष्णता येते, दुहेरी काचेतून त्याच्या निम्मी. म्हणजे बचत ३५ वॅटांची. पण संध्याकाळी चारला त्याच खिडकीवर थेट ऊन पडत असेल तर साध्या काचेतून साडेसातशे वॅटच्या आसपास ऊन आत शिरते आणि साध्या दुहेरी काचेतूनही त्यातील बहुतेक शिरतेच, कारण काच पारदर्शक असते, ती एक असो वा दोन. दुहेरी काचेचे खरे मोल थंड देशांत आहे, जिथे बाहेर शून्याखाली आणि आत वीस अंश असते. आपल्याकडे रस्त्याचा आवाज किंवा धूळ हे दुखणे असेल तर त्या खिडक्या जरूर घ्याव्यात. उकाड्यासाठी चार लाखांतील मोठा हिस्सा त्यांच्यावर घालणे मला पटत नाही.

त्याच पश्चिम खिडकीला बाहेरून सावली दिली तर ते साडेसातशे वॅट मोठ्या प्रमाणावर बाहेरच राहतात. इथे 'बाहेरून' हा शब्द महत्त्वाचा आहे. आतला जाड पडदा ऊन अडवतो खरा, पण तोपर्यंत ऊन काचेच्या आत आलेले असते. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. बाहेरची बांबूची चटई, लाकडी झडप, फटींची लोखंडी जाळी, गुंडाळता येणारा कापडी पडदा, यांपैकी काहीही चालेल. आपल्या भागात याचे उत्तम उदाहरण तासगावच्या बाजूस पाहायला मिळते. बेदाण्याच्या शेडवर शेतकरी जाळी लावतात ती ऊन अडावे पण वारा खेळता राहावा म्हणून. तीच शेडनेट पश्चिमेच्या भिंतीपासून एक-दीड फूट अंतरावर चौकटीत ताणून लावली, तर खिडकीसह सगळी भिंत सावलीत येते. हे काम मी काही घरी अगदी थोड्या पैशांत केले आहे. ते दिसायला साधे आहे, पण त्याचा परिणाम पहिल्याच संध्याकाळी भिंतीला हात लावून कळतो. पश्चिमेला मोकळी जागा असेल तर वेलीचा मांडव त्याहून चांगला. मात्र शेजारची इमारत आपल्या पश्चिम भिंतीवर दुपारनंतर आधीच सावली पाडत असेल, तर हा खर्च करण्याची गरजच नाही. चार वाजता गल्लीत उभे राहून ते पाहून घ्यावे.

फॉल्स सीलिंगबद्दल मी जरा कळकळीने लिहितो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मिरजेतील एका घरी मालकांना गच्ची उकरण्याचा पसारा नको होता. मी त्यांच्या म्हणण्याला मान दिला आणि स्लॅबच्या खालून थर्माकोल लावून त्याखाली पीओपीचे छत केले. पहिला उन्हाळा बरा गेला. परंतु त्या स्लॅबला बारीक गळती होती आणि ती आता कोणाला दिसत नव्हती. तीन पावसाळ्यांनंतर छतावर पिवळे डाग उमटले, तेव्हा आम्ही सगळे उतरवले. आत सळ्या गंजून फुगल्या होत्या आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटले होते. डोळ्यांसमोर असती तर पहिल्याच वर्षी लक्षात आली असती अशी गोष्ट मी झाकून ठेवली होती. त्या दुरुस्तीचा मजुरीचा भाग मी उचलला, पण त्या कुटुंबाला दोन महिने घर सोडून राहावे लागले, त्याची भरपाई मला करता आली नाही. तेव्हापासून ओल असलेल्या स्लॅबखाली मी कोणतेही आच्छादन लावत नाही.

शिवाय तत्त्वाचाही मुद्दा आहे. खालून थर लावला तरी स्लॅब रोज पूर्वीसारखाच तापतो, आकुंचन-प्रसरण पावतो आणि त्याच्या भेगा वाढत राहतात. वरून लावलेला थर मात्र स्लॅबलाच उन्हापासून वाचवतो, त्यामुळे खोली थंड राहते आणि वॉटरप्रूफिंगही अधिक टिकते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको निवास संहिता आणली. तीत छतातून होणाऱ्या उष्णतावहनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट अशी ठेवली आहे. ही संहिता मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांसाठी आहे, ती आपल्या घराला लागू नाही, पण मापदंड म्हणून उपयोगी आहे. उघड्या आरसीसी स्लॅबचा हा आकडा ३ च्या वर असतो. त्यावर ५० मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस बोर्ड, म्हणजे घट्ट फेसाचे, पाणी न शोषणारे ताव, घातले तर तो सुमारे ०.५ वर येतो.

मग आपल्या गच्चीवर नेमके काय करावे? इथे मात्र मला थांबून सांगावे लागेल की, हे न पाहता ठरवता येत नाही. दोन गोष्टी तपासाव्या लागतील. पहिली, खालच्या बाजूने स्लॅब हातोडीने ठोकून पाहणे. आवाज खणखणीत आला तर ठीक, बद्द आला किंवा तपकिरी डाग, उघड्या सळ्या दिसल्या तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावे आणि सळ्यांची दुरुस्ती करून घ्यावी. दुसरी, वरचा कोबा ठोकून पाहणे. तो अर्ध्याहून अधिक ठिकाणी पोकळ वाजत असेल, तर त्याच्यावर आणखी काही टाकण्याऐवजी तो काढून टाकलेलाच बरा.

कोबा चांगला निघाला आणि गळती जिन्याजवळ एकाच जागी असली, तर काम स्वस्तात होते. बहुतेक वेळा पाणी सपाट भागातून येत नाही. कठडा आणि स्लॅब यांच्या कोपऱ्यातील वाटा (गिलाव्याची गोलाई) तडकलेला असतो, पावसाच्या पाइपचे तोंड सुटलेले असते किंवा जिन्याच्या दाराचा उंबरा खाली असतो. ती जागा उघडून नीट करावी, भेगा भराव्यात आणि मग संपूर्ण गच्चीला पांढरे, ऊन परतवणारे वॉटरप्रूफ कोटिंग द्यावे. ताजे पांढरे कोटिंग उन्हाचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग परतवते, काळवंडलेला कोबा फार तर वीस-तीस टक्के. पृष्ठभागाच्या तापमानात दहा ते वीस अंशांचा फरक पडतो आणि तेवढ्याने वरच्या खोलीतील शेगडीची आच जवळपास निम्मी होते. फारसे पैसे खर्च करायचे नसतील तर भिजवून गाळलेल्या चुन्यात डिंक किंवा बाइंडर मिसळून दोन-तीन हात मारावेत. पाऊस तो धुऊन नेतो, म्हणून दरवर्षी गुढीपाडव्याच्या आधी पुन्हा लावावा लागतो, पण भाड्याच्या घरात किंवा पुढल्या वर्षी मोठे काम करायचे असताना याच्याइतका सोपा उपाय नाही.

पांढऱ्या गच्चीची एक अट आहे, ती म्हणजे ती पांढरी राहिली पाहिजे. आपल्याकडे दिवाळीपासून मार्चपर्यंत उसाचा हंगाम असतो आणि पाला पेटवल्यावर उडालेली काजळी शहरातल्या गच्च्यांवरही येऊन पडते. त्यावर रस्त्याची धूळ बसते. म्हणून फेब्रुवारीअखेरीस गच्ची एकदा खराट्याने घासून धुवावी. एका घरी मी एका पुरवठादाराच्या भरवशावर स्वस्त पांढरा रंग वापरला होता. तो भिंतीचाच रंग निघाला आणि दोन पावसाळ्यांत त्याची भुकटी झाली. तेव्हापासून मी डब्यावर गच्चीसाठी असल्याचे आणि ऊन परतवण्याचे मोजमाप स्पष्ट छापलेले नसेल, तर तो माल नाकारतो.

कोबा पोकळ असला, तर मात्र मोठे काम करावे आणि आपल्या चार लाखांतील सर्वांत मोठा भाग इथे घालावा. जुना कोबा काढल्यावर दर चौरस मीटरमागे पावणेदोनशे-दोनशे किलोंचा भार कमी होतो. त्यानंतर स्लॅबची दुरुस्ती, वॉटरप्रूफिंगचा थर, त्यावर ५० मिलिमीटरचे एक्सपीएस, त्यावर जाळी घालून ढाळ दिलेला काँक्रीटचा पातळ थर आणि सर्वांत वर पांढरे चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांची फरशी. एवढे सगळे करूनही एकूण वजन जुन्या कोब्यापेक्षा कमीच राहते. वजनाचा मी मुद्दाम उल्लेख करतो. पूर्वेकडे आटपाडी-जतच्या माळवदी घरांत लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर असतो आणि ती घरे उन्हाळ्यात खरोखर गार असतात. ते पाहून काही जण आरसीसी गच्चीवर माती पसरण्याचा किंवा भरगच्च बाग करण्याचा विचार करतात. माळवदाच्या भिंती हात-दीड हात जाड असतात, आपल्या बीम-कॉलमची मोजणी वेगळ्या भाराची असते. कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आपल्या शेजारीच झाला आहे. डोक्यावरचे वजन इंजिनिअरला विचारल्याशिवाय वाढवू नये.

गच्चीवर पत्र्याचे शेड घालण्याचा पर्यायही आपल्या गावात लोकप्रिय आहे. चारही बाजूंनी वारा मोकळा असेल तर ते छत्रीसारखे काम करते आणि गळतीही थांबवते. पण बाजू बंद केल्या की खाली तापलेली हवा कोंडते. त्याला महानगरपालिकेची परवानगी लागते आणि वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडू नयेत म्हणून त्यांची बांधणी पक्की करावी लागते. वाळवणासाठी, कपड्यांसाठी आपल्याला गच्ची मोकळी हवी असेल तर मी मोझॅकच सुचवेन.

छत आणि पश्चिम बाजू सावरल्यावर तिसरी गोष्ट जवळजवळ फुकट आहे. आपले हवामान पठारी आहे. मे महिन्यात दिवसा ३८-४० अंश असले तरी रात्री उशिरा हवा चोवीस-पंचवीसच्या आसपास उतरते. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहापर्यंत खिडक्या बंद ठेवाव्यात आणि रात्री समोरासमोरच्या खिडक्या, जिन्याचे वरचे दार उघडावे, म्हणजे जिना धुराड्यासारखे काम करून गरम हवा वर ओढतो. अडचण डासांची आणि सुरक्षिततेची असते. म्हणून नव्या खिडक्यांऐवजी सर्व खिडक्यांना उत्तम जाळीची झडप आणि जिन्याच्या दाराला कुलूप लागणारे जाळीचे दार करून घ्या. आपल्या घरातील व्हेंटिलेटर फॉल्स सीलिंगच्या वा एसीच्या नादात बुजवलेले असतील तर ते उघडा. कूलरही मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत आपल्याकडे चांगले काम करतो. जूनपासून हवा दमट झाली की तो निरुपयोगी होतो.

आता बिलाकडे पाहू. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो. जानेवारीचे २१० युनिट हा आपल्या घराचा पाया धरला, तर मे महिन्यातील वरचे ३३० युनिट हे उन्हाळ्याचे आहेत. एक एसी रोज सहा तास चालला तर सुमारे ८ युनिट, म्हणजे महिन्याला २४० च्या आसपास. उरलेले ७०-९० पंख्यांचे आणि जास्त राबणाऱ्या फ्रिजचे. घरगुती दर १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्प्यांनी चढत जातात, त्यामुळे वाचणारे युनिट हे नेहमी सर्वांत महागडे युनिट असतात. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० च्या आसपास. रोज बारा तास चालणारे पाच पंखे बदलले तर महिन्याला सुमारे ८० युनिट वाचतात. छत निवल्यावर एसी सहाऐवजी तीन तास आणि २६ अंशांवर, सोबत पंखा लावून पुरला, तर आणखी शंभराहून अधिक युनिट कमी व्हावेत. मे महिन्याचे बिल ३०० ते ३५० युनिटांत आणणे शक्य आहे असे मला वाटते. नेमका आकडा मात्र आपल्या सवयींवर आणि गच्चीवर कोणते काम होते त्यावर अवलंबून राहील. दुसऱ्या एसीचा निर्णय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत लांबवावा. बहुधा तो घ्यावा लागणार नाही.

जानेवारीच्या २१० युनिटांतही थोडे दडलेले आहे. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला अर्धा युनिट लागतो. चार-पाच जणांच्या आंघोळीला रोज दोन-अडीच युनिट जातात. सोलर वॉटर हीटर हा यावर जुना आणि भरवशाचा उपाय आहे. बोअरचे जड पाणी असेल तर नळ्यांत क्षार साचतात, तेव्हा हीट एक्स्चेंजरचा प्रकार घ्यावा, ज्यात बोअरचे पाणी त्या नळ्यांतून थेट फिरत नाही.

विजेचे सोलर सर्वांत शेवटी, याचे कारण ते वाईट आहे असे नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि ३ किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवले आहे. एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. आज आपण ५४० युनिटांकडे पाहून ३ किलोवॅट घ्याल, पण घर सुधारल्यावर वर्षातील बहुतेक महिन्यांत २ किलोवॅट पुरेल. शिवाय सोलरने बिल उतरते, खोली निवत नाही. रात्री बारा वाजता आई-वडील वर आले तर त्यांना तोच उकाडा जाणवेल. पॅनेलच्या सावलीचा छताला फायदा होतो, म्हणून ते झोपण्याच्या खोल्यांवर येतील अशी जागा आतापासूनच ठरवून ठेवावी.

हे सर्व सांगलीच्या कोरड्या उन्हाळ्यासाठी आहे. साताऱ्याच्या पश्चिमेस, जावळी-पाटणच्या डोंगरात घर असते तर मी उतरते छप्पर, पश्चिमेची पावसाची झड आणि भिंतींतील ओल यांपासून सुरुवात केली असती. आपल्या गल्लीत २०१९ किंवा २०२१ च्या पुराचे पाणी आले असेल, तर खालच्या मजल्यावर जिप्सम किंवा भिंतीला चिकटवलेले कोणतेही थर टाळावेत आणि आई-वडिलांच्या खोलीतील विजेची बटणे वर घ्यावीत, तेही याच दुरुस्तीत होईल.

कामाची वेळ पाळणे महत्त्वाचे आहे. कोबा काढायचा असेल तर दिवाळीनंतर सुरू करून मार्चपर्यंत पूर्ण करावे, वळवाच्या तोंडावर गच्ची उघडी ठेवू नये. सुरू करण्याआधी आठवडाभर दुपारी तीन आणि रात्री दहा वाजता वरच्या खोलीचे तापमान साध्या थर्मामीटरने वहीत लिहून ठेवावे. काम झाल्यावर पुढील उन्हाळ्यात त्याच वेळी पुन्हा लिहावे आणि बिलाची तुलना मागील वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. त्यावाचून कामाने काय साधले हे आपल्यालाही कळणार नाही आणि ठेकेदारालाही.

ठेकेदाराच्या दरपत्रकात मात्र दोन गोष्टी आधीच लिहून घ्याव्यात. वॉटरप्रूफिंग झाल्यावर वरचे थर घालण्याआधी पाइपची तोंडे बंद करून गच्चीवर दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवायचे आणि खालून छत कोरडे दिसले तरच पुढचा हप्ता द्यायचा. आणि पाण्याची टाकी, सोलर हीटर, भविष्यातील पॅनेल यांच्यासाठी काँक्रीटचे ठोकळे वॉटरप्रूफिंगच्या आधीच स्लॅबवर बसवून घ्यायचे. हे न केल्यास दोन वर्षांनी पॅनेल लावायला आलेला मुलगा ड्रिलने गच्चीला सोळा भोके पाडतो आणि जिन्याजवळची ओल पुन्हा सुरू होते.